खालच्या स्वरांतून वर जाताना क्लॅरिनेट किंचाळते तेव्हा

भाऊ, मधल्या बी फ्लॅट स्वरावरून वरच्या बी स्वरावर जाताना चिरका आवाज येतो, तेव्हा बहुतेक जण ओठ आवळतात. तिथेच चुकतं. दोष बहुधा बोटांत असतो, एखादं भोक अर्धवट उघडं राहतं. डाव्या-उजव्या दोन्ही अनामिका आधी तपासा.

सगळी भोकं झाकून खालचा ई चार मात्रा धरा. फुंक तशीच ठेवून अंगठा न उचलता त्याच्या टोकाने रजिस्टर की (वरचे स्वर काढणारी, अंगठ्याजवळची चावी) दाबा. बी यायला हवा. नाही आला तर हवा कुठून गळते ते बघा. मग मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून ए, बी फ्लॅट, बी हे स्वर क्रमाने वाजवा. ए वाजवतानाच उजव्या हाताच्या बोटांनी खालची भोकं झाकून ठेवा, म्हणजे फक्त डावा हात हलवायचा उरतो. रोज दहा मिनिटं पुरेत.

रीड, म्हणजे तोंडाशी लावायची वेताची पातळ पट्टी, अडीच नंबरची (हा नंबर तिच्या कडकपणाचा). तीन-चार आळीपाळीने वापरा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात रीड वाकडी होते आणि लाकडी वाद्याला तडा जाण्याची भीती असते, म्हणून ते कूलरच्या झोतात किंवा गाडीत मुळीच ठेवू नका. उन्हाळ्यात सरावाला प्लॅस्टिकचंच बरं.