पाच लाखांची सरकारी योजना आहे, मग पॉलिसी बंद करू का?

प्रश्न : तासगावात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. मी, पत्नी, दोन मुलं, वडील (७२) आणि आई (६६) अशा सहा जणांची १० लाखांची फ्लोटर (सगळ्यांना मिळून एकच रक्कम) आरोग्य विमा पॉलिसी २०१७ पासून आहे. वडिलांना शुगर आहे. यंदा हप्ता ५८,००० रुपये आलाय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या रेशनकार्डालाही पाच लाख मिळतात. मग पॉलिसी बंद करून हे पैसे म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत घालू का?

उत्तर : बंद करू नका. योजना खरंच मोलाची आहे. दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर नेऊन सगळ्याच रेशनकार्डधारकांना आत घेण्याचा २०२३ चा निर्णय मला मनापासून पटतो. पण योजना चालते ती यादीतल्या उपचारांना आणि अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयातच. तेही सगळ्याच आजारांसाठी अंगीकृत असेल असं नाही. रात्री अकराला वडिलांच्या छातीत कळ आली, तर तुम्ही मिरजेत जे दवाखान्याचं दार आधी उघडेल तिथेच गाडी घालणार. ते योजनेत नसलं तर बिल तुमच्या खिशातून.

शिवाय पॉलिसी सोडली की काय जातं ते बघा. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सोडली तर, ‘आजार लपवला’ म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. तुम्ही तो टप्पा कधीच ओलांडलाय. उद्या नवी पॉलिसी घ्याल तर वडिलांच्या शुगरसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, तेही कंपनीने घेतलं तर. एसआयपीचं म्हणाल, तर पाच वर्षांचे हप्ते मिळून २ लाख ९० हजार होतात. एका बायपासला तेवढे पुरतीलच असं नाही.

हप्ता मात्र कमी करता येईल. फ्लोटरचा दर घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो. म्हणजे वडिलांच्या वयाचा भार तुमच्या मुलांवरही पडतोय. आई-वडिलांची वेगळी पाच लाखांची आणि तुम्हा चौघांची १० लाखांची, असे दोन्ही दर त्याच कंपनीकडून मागवा. जुनी वर्षं धरली जातील हे लेखी घ्या, मगच सही करा. पैसे वाचले तर ते खुशाल एसआयपीत घाला.

वडिलांचं सत्तरीपुढच्यांसाठीचं सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. आणि महात्मा फुले योजनेसाठी दोन्ही मुलांची नावं रेशनकार्डावर आहेत का, आधारशी जुळतात का, ते बघा. नसतील तर तहसीलच्या पुरवठा शाखेत याच आठवड्यात अर्ज द्या.