वाचकांचे प्रश्न : फरशी कोरडी, तरी रेडिएटर रिता

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली 1979 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. दर रविवारी मी रेडिएटर काठोकाठ भरतो, दिवे घाट चढून सासवडला जाऊन येतो आणि मधल्या दिवसांत गाडी थोडीफार फिरवतो. पुढच्या रविवारी सुमारे अर्धा लिटर पाणी कमी झालेले असते. पार्किंगच्या फरशीवर मात्र एक थेंबही दिसत नाही. वडिलांनी नंतर बसवून घेतलेल्या तापमापकाचा काटा हल्ली घाटात बराच वर जातो. पाणी सोसायटीच्या बोअरचे वापरतो. गॅरेजमध्ये ‘हेड गॅस्केट गेले आहे, हेड उतरवावे लागेल’ असे सांगितले आहे. उतरवावे का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : इतक्यात उतरवू नये. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामधले पॅकिंग; ते गेले तर पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये शिरू शकते. आपल्या पत्रात सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असल्याचा किंवा ऑइल दुधाळ झाल्याचा उल्लेख नाही, आणि गॅरेजमध्ये कोणती चाचणी केली तेही आपण लिहिलेले नाही. चाचणीवाचून हेड उतरवणे म्हणजे छत कुठे गळते ते न पाहता सगळी कौले काढण्यासारखे आहे.

पहिला संशय आपल्या काठोकाठ भरण्यावरच घ्यावा लागतो. आपल्या गाडीला वेगळी प्लॅस्टिकची टाकी नसून रेडिएटरच्या गळ्यापासून निघालेली बारीक नळी सरळ खाली रस्त्यावर सोडलेली असेल, तर तापून वाढलेले पाणी त्याच वाटेने बाहेर पडते. खोलीच्या तापमानापासून 90 अंशांपर्यंत तापताना पाणी लिटरमागे 30 ते 35 मिलिलिटर वाढते. म्हणजे पाच लिटर पाणी असेल तर चहाचा मोठा कपभर पाणी पहिल्याच फेरीत दिवे घाटाला अर्पण होते. म्हणून वरच्या टाकीत आतल्या नळ्यांची तोंडे जेमतेम बुडतील इतकेच पाणी ठेवावे आणि त्यावर बोटभर जागा मोकळी सोडावी.

मात्र एवढ्याने अर्ध्या लिटरचा हिशेब पुरा होत नाही. एकदा कपभर पाणी गेल्यावर पातळी स्थिरावायला हवी. ती स्थिरावत नसेल तर एक तर रेडिएटरची टोपी दाब धरत नाही किंवा खरोखरच कुठेतरी गळती आहे. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी त्या बारीक नळीच्या तोंडाशी एक रिकामी बाटली तारेने बांधावी. बाटलीचे तोंड हवाबंद करू नये आणि ती पंख्यापासून व सायलेन्सरच्या पाइपपासून दूर ठेवावी. आठ दिवसांनी बाटलीत पाणी सापडले तर ते टोपीतून गेले, आणि बाटली कोरडी असूनही पातळी उतरली तर गळती अन्यत्र आहे, असे समजावे.

टोपीचे महत्त्व पुण्यात किंचित अधिकच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर साधे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब धरणारी टोपी सुस्थितीत असेल तर हाच उत्कलनबिंदू 110 अंशांच्या घरात जातो. टोपीचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग थकली, की ही सारी सवलत हातची जाते आणि चढावर पाणी उकळून बाहेर पडते. इंजिन पूर्ण गार झाल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला तर टोपीतली परतीची झडप (इंजिन गार होताना हवा किंवा पाणी आत घेणारी) अडकली आहे, हेही ओळखावे. नवी टोपी घ्यायला नाना पेठेत जाताना जुनी सोबत न्यावी आणि गळ्याची खोली व टोपीवरचा दाबाचा आकडा जुळवून पाहावा. जास्त दाबाची टोपी जास्त चांगली, असे दुकानदार म्हणाला तरी ऐकू नये; जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरचे झाळण तो दाब सोसत नाही.

बाटली कोरडी राहिली तर दाबाची चाचणी करून घ्यावी. गार इंजिनावर टोपीच्या जागी दाबमापक असलेला हातपंप बसवायचा, टोपीवरच्या आकड्याइतकाच दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटे काटा पाहायचा. ही चाचणी गार इंजिनावरच का, तर गरम इंजिनावर झिरपलेला थेंब एक्झॉस्टच्या तापलेल्या भागावर पडून तिथेच वाळतो आणि मागे फक्त पांढुरका डाग राहतो. आपली फरशी कोरडी असण्याचे कारण हेच असू शकते. शिवाय काही सांधे गार होऊन आकसल्यावरच गळतात. काटा उतरू लागला, की विजेरी आणि छोटा आरसा घेऊन होज पाइपच्या क्लिपांखाली, थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घराभोवती, रेडिएटरच्या झाळलेल्या कडांवर आणि इंजिनाच्या ब्लॉकवरील डमी प्लगांभोवती (ब्लॉकची भोके बुजवणाऱ्या पत्र्याच्या चकत्यांभोवती) पाहावे. थेंब पडतो तिथे गळती असतेच असे नाही; ओलीचा माग खालून वरच्या दिशेने काढत जावे.

इंजिनात पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पोटाशी एक लहान भोक असते, तिथून पाणी येत असेल तर आतले सील गेले आहे. ते भोक सील गेल्याची सूचना देण्यासाठी आणि पाणी बेअरिंगपासून बाहेर काढण्यासाठीच ठेवलेले असते. माझ्या स्वतःच्या गाडीत एका कारागिराने ते एम-सीलने बुजवून ‘गळती बंद’ केली होती. महिन्याभरात बेअरिंग गेले. पंप दुरुस्त करावा किंवा बदलावा, दुसरा उपाय नाही. डमी प्लग गंजलेला असेल तर तो वरून न लिंपता एका कडेवर ठोकून फिरवावा, पकडीने ओढून काढावा, जागा स्वच्छ करावी आणि शक्यतो पितळेचा नवा ठोकावा.

दाब उतरतो पण बाहेर कुठेच ओल नाही, असे झाले तरच हेड गॅस्केटचा विचार करावा. अशा वेळी दाब दिलेलाच ठेवून स्पार्क प्लग काढावेत. ज्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते त्याचा प्लग बहुधा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, आणि इंजिन फिरवल्यावर भोकातून पाण्याचा फवारा येतो. दुसरी खूण रासायनिक आहे : रेडिएटरच्या गळ्यावरची हवा निळ्या द्रावणातून ओढली असता ते पिवळे पडले, तर जळालेला वायू पाण्यात मिसळत आहे.

तसे सिद्ध झाले तर हेड जरूर उतरवावे, पण नुसते नवे गॅस्केट टाकून बसवू नये. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे आहे. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे एकदा इंजिन जास्त तापले की हेड वाकण्याची भीती असते. सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) मोजून सुमारे 0.05 मिलिमीटरहून अधिक फट आढळली तर फेसिंग करून (हेडचा पृष्ठभाग यंत्रावर घासून सपाट करून) घ्यावे. पाण्याच्या वाटांच्या कडा कुरतडल्या असतील तर आधी त्या भरून घ्याव्या लागतात. हेडचे नट मध्यापासून बाहेरच्या बाजूंना, दोन-तीन फेऱ्यांत, पुस्तिकेतल्या क्रमाने आणि आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचनेच आवळावेत. ‘हाताला कळते’ म्हणणाऱ्यांचा हात मी बऱ्याच वेळा चुकलेला पाहिला आहे.

बोअरचे पाणी मात्र आजच बंद करावे. त्यातले क्षार नळ्यांत साचतात, आणि काटा चढण्यामागे गळतीइतकाच त्यांचाही हात असू शकतो.

प्रश्न : प्रवासात रेडिएटर गळू लागल्यास हळद टाकावी, असे जुने ड्रायव्हर सांगतात. ते योग्य आहे का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : घरी पोहोचण्यापुरते योग्य आहे. हळद फुगून बारीक छिद्रात अडकते. पण तीच रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही अडकते. त्यामुळे परतल्यावर पाणी काढून रेडिएटर दोन्ही बाजूंनी धुवावा, छिद्र झाळून घ्यावे आणि नंतर डिस्टिल्ड पाण्यात निम्मे जुन्या पद्धतीचे, तांब्या-पितळेला चालणारे हिरवे कूलंट भरावे. काढलेले कूलंट गटारात किंवा उघड्या भांड्यात ठेवू नये. ते चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरे पितात, आणि थोडेसेही त्यांच्या जिवावर बेतते.