जुने घड्याळ रोज 25 मिनिटे पुढे का जाते?

प्रश्न : वडिलांचे चावीचे एचएमटी जनता घड्याळ बरीच वर्षे कपाटात पडून होते. मार्च महिन्यात ते उघडून, धुऊन, तेलपाणी करून घेतले. दोन महिने ते उत्तम चालले. आता मात्र दिवसाला कधी 20, तर कधी 30 मिनिटे पुढे जाते. घड्याळजींनी आतली दांडी ‘स्लो’च्या बाजूला शेवटपर्यंत सरकवली, तरी फारसा फरक नाही. रात्री घड्याळ उशाशी मोबाइलवरच ठेवलेले असते. नागपूरच्या उन्हाळ्याचा हा परिणाम असेल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : उन्हाळ्याला थेट दोष देता येणार नाही. साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग, म्हणजे केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग, तापली की तिचा ताण कमी होतो, तिच्या जोरावर मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचे, म्हणजे बॅलन्स व्हीलचे, झोके संथ होतात आणि घड्याळ पुढे न जाता मागे पडते. तापमानाला दाद न देणारे निकेल-पोलादाचे मिश्रधातू तयार करणारे शार्ल गियोम यांना 1920 साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि अशा धातूंच्या स्प्रिंगा आल्यापासून मनगटी घड्याळांचा हा दोष पुष्कळच आटोक्यात आला.

आपल्या घड्याळात सेकंदाला 5, म्हणजे दिवसाला 4,32,000 ठोके पडायला हवेत. ते 25 मिनिटे पुढे जाते याचा अर्थ रोज सुमारे 7,500 ठोके जास्त पडतात. हिशेब मांडला तर हेअरस्प्रिंगची कामाची लांबी साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटल्यासारखे हे आहे. स्प्रिंग तुटलेली नसताना असे होते ते बहुधा तिचे दोन वेढे एकमेकांना चिकटल्यामुळे, आणि ते कधी चिकटतात, कधी सुटतात म्हणूनच आपला फरक रोज सारखा येत नाही. दांडी सरकवून हा दोष जाणे शक्यच नव्हते. ती दिवसाकाठच्या थोड्याशा चुकीसाठी असते.

वेढे चिकटण्याची मुख्य कारणे दोन. मला पहिला संशय चुंबकत्वाचा आहे, कारण मोबाइलच्या स्पीकरमध्ये आणि बऱ्याच फ्लिप कव्हरांमध्ये चुंबक असतो. शालेय साहित्याच्या दुकानात मिळणारे छोटे होकायंत्र चालू घड्याळाच्या काचेवर ठेवा. सुई एका बाजूला ओढली जाऊन स्थिर राहिली तर त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण घड्याळात पोलाद असतेच. पण ती ठोक्यांबरोबर थरथरू लागली तर स्प्रिंग चुंबकित झाली आहे असे समजावे. चुंबकत्व काढण्याचे यंत्र बर्डीवरील किंवा इतवारीतील जाणत्या घड्याळजींकडे असते आणि काम मिनिटभराचे आहे. मात्र यंत्राचे बटण दाबून धरलेले असतानाच घड्याळ हातभर दूर न्यावे आणि मगच बटण सोडावे; जवळ असताना सोडले तर चुंबकत्व राहून जाते.

सुई थरथरली नाही, तर तेलाकडे पाहावे. तेलपाणी करताना थेंब जास्त पडला असेल, तर मे महिन्याच्या उष्णतेने तेल पातळ होऊन स्प्रिंगपर्यंत पसरू शकते. उन्हाळ्याचा संबंध आलाच तर तो इथे येतो. मागचे झाकण उघडून भिंगातून पाहिले की निरोगी स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी सर्व बाजूंनी सारखी उघडते आणि मिटते. तेल लागलेल्या ठिकाणी दोन वेढे जोडीने हलतात आणि तिथे ओलसर चमक दिसते. अशा वेळी बॅलन्स काढून स्प्रिंग द्रावणात धुवावी लागते. हे घरी मुळीच करू नये, कारण चिमट्याच्या एका चुकीच्या स्पर्शाने वेढे कायमचे वाकतात.

तेलपाणी करताना फनर, म्हणजे चावी दिल्यावर घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, बदलली होती का, तेही विचारून घ्या. ती गरजेपेक्षा जास्त ताकदीची असेल, तर पूर्ण चावी दिल्यावर पहिले काही तास घोड्याच्या टापांसारखा दुहेरी आवाज येतो, घड्याळ पळते आणि चावी उतरली की ताळ्यावर येते.

दोष निघाल्यावर दांडी आठवणीने मध्यावर आणायला सांगा, नाहीतर तेच घड्याळ मागे पडू लागेल. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी एकाच वेळी चावी देऊन फरक वहीत लिहावा आणि मगच बारीक जुळणी करून घ्यावी. आणखी एक आग्रहाची विनंती : कोणी पूर्ण मशीनच बदलून देतो म्हणाले, तर मान्य करू नका. एचएमटी वॉचेस बंद करण्यास 2016 साली केंद्र सरकारने मंजुरी दिली, त्यामुळे आता मिळणारे मशीन बहुधा दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढलेले असेल, आणि आपल्या वडिलांच्या मनगटावर इतकी वर्षे चाललेले मशीन, आपण लिहिता त्यावरून, पूर्ण दुरुस्त होण्यासारखे आहे.