जहाज जमिनीवर कशाला बांधलं?

प्रश्न : २००९ च्या 'स्टार ट्रेक' सिनेमात एंटरप्राइज हे अंतराळयान चक्क अमेरिकेतल्या आयोवात जमिनीवर बांधताना दाखवलंय, यावरून आमच्या ग्रुपमध्ये जाम राडा झालाय. एवढं धूड वर नेणार कसं? अंतराळातच जोडायला हवं ना?

उत्तर : अहो, ज्या जगात कृत्रिम गुरुत्वाकर्षण आहे तिथे वजन उचलायचं टेन्शन कुणाला, उलट जमिनीवर बांधलं तर वेल्डरला स्पेससूट घालून लटकावं तरी लागत नाही. आणि सिनेमाचा हीरो कर्क बाइकवरून येऊन ते बघतो, तो सीन हवा होता की! मला खटकते ती इंजिनरूम. नीट बघा, सगळीकडे स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या नि पाइप... ते शूटिंग लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइसच्या बडवायझर बिअर कारखान्यात झालंय, एकदा कळलं की यानाला प्रकाशापेक्षा वेगाने पळवणारं वॉर्प इंजिन वगैरे काही दिसतच नाही, बिअरच दिसते.