वडिलांच्या विसरभोळेपणावर मेंदूचा हेडबँड घ्यावा का?

तुम्ही विचारलंय, 72 वर्षांचे बाबा हल्ली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, तर त्यांच्यासाठी मेंदूच्या लहरी मोजणारा हेडबँड आणि सोबतचं खेळांचं ॲप घ्यावं का. माझं मत, आत्ता नको. आधी त्यांचे कान तपासून घ्या.

माझ्या आईचं अगदी असंच सुरू झालं होतं. सांगितलेलं विसरते, असं आम्ही धरूनच चाललो आणि मी तिला रोज शब्दकोडी सोडवायला बसवायचे. दीड वर्षाने ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी केली तेव्हा कळलं, तिला निम्मं ऐकूच येत नव्हतं. जे कानावर पडलंच नाही ते लक्षात कसं राहणार? ते दीड वर्ष मला अजून टोचतं. कानाच्या मशीनची सवय व्हायला तीन महिने गेले, मग ती पुन्हा मावशीशी फोनवर तासभर बोलायला लागली. स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणाऱ्या, पण आटोक्यात आणता येण्याजोग्या 14 गोष्टी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात आहेत. कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा हे सगळं त्यात येतं. बी-12 आणि थायरॉइडही बघून घ्या.

ॲपमधले खेळ खेळून त्या खेळांत हात बसतो, एवढं खरं. वयानुसार येणारा विसर टळतो, अशा पुराव्याविना केलेल्या जाहिरातींपायी ल्युमोसिटी या अशाच खेळांच्या ॲपच्या कंपनीला अमेरिकेत 2016 मध्ये 20 लाख डॉलर भरावे लागले.

हेडबँडबद्दल मला जास्त काळजी वाटते. चिलीतल्या एका माजी सिनेटरने इमोटिव्ह कंपनीचा असाच हेडबँड घेतला होता. त्याच्या मेंदूच्या नोंदी कंपनीच्या क्लाउडवर साठत होत्या आणि पैसे भरून परवाना घेतल्याशिवाय त्या त्यालाच उतरवून घेता येत नव्हत्या. ऑगस्ट 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या पुसून टाकायला लावल्या. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सांगितलंय की गुन्ह्यातल्या संशयिताचीही संमतीशिवाय ब्रेन मॅपिंग, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजण्याची चाचणी करता येणार नाही. तुमच्या प्रश्नात मात्र बाबांना काय हवंय, हे कुठेच आलेलं नाही.

तपासण्या झाल्यावरही घ्यावासा वाटला, तर नोंदी कुठे जातात ते आधी त्यांना मराठीत नीट समजावून सांगा. नको म्हणाले तर आग्रह करू नका.