वाचकांचे प्रश्न : विषारी वायूचा धोका आणि राखीव सैनिक

प्रश्न : अमेरिकेत रासायनिक, जैविक, किरणोत्सारी किंवा आण्विक संकट आले की नॅशनल गार्डच्या तुकड्यांना पाचारण केले जाते, असे वाचनात आले. महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी सराव करणाऱ्या राखीव सैनिकांना इतके जोखमीचे काम कसे झेपते?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, मात्र या कामातले सगळेच सैनिक अर्धवेळ नसतात. सर्वांत आधी निघणाऱ्या ‘सिव्हिल सपोर्ट टीम’मध्ये 22 जण असतात आणि ते नॅशनल गार्डचेच असले तरी पूर्णवेळ सेवेत असतात. अशा 57 तुकड्या असून प्रत्येक राज्याला किमान एक मिळालेली आहे. ढिगाऱ्यातून माणसे बाहेर काढणे, त्यांच्या अंगावरचे विष धुणे आणि तातडीचे उपचार करणे या कामांसाठी मागून येणाऱ्या मोठ्या पथकांत मात्र बहुतेक जण अर्धवेळ सैनिक असतात. त्यांच्यापैकी काही जण एरवी अग्निशमन दलात, रुग्णवाहिकेवर किंवा रुग्णालयात नोकरी करतात, त्यामुळे रोजच्या कामाचा अनुभव येथे उपयोगी पडतो. याच व्यवस्थेत एक पेचही दडलेला आहे. ज्या दिवशी सैन्याला त्यांची गरज भासते, त्याच दिवशी त्यांच्या गावच्या अग्निशमन केंद्रालाही ते हवे असतात. एकच माणूस दोन याद्यांत मोजून तयारीचा हिशेब मांडणे, हा मला या योजनेतला सर्वांत चिंतेचा भाग वाटतो.

प्रश्न : सारिनसारखा वायू काही मिनिटांत जीव घेतो. मग तासाभराने येणाऱ्या तुकडीचा उपयोग काय?

उत्तर : तुकडीचा पहिला गट बोलावणे आल्यापासून 90 मिनिटांत आणि उरलेले लोक 3 तासांत तळावरून निघावेत, असा दंडक आहे, प्रवासाचा वेळ त्यापुढे धरावा लागतो. म्हणजे पहिल्या तासात जीव वाचवण्याचा भार स्थानिक अग्निशमन दलावर आणि रुग्णालयांवरच असतो. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडण्यात आले, तेव्हा हजारो लोकांनी रुग्णालयांकडे धाव घेतली. त्यांतले बरेच जण स्वतःहून, अंग न धुता आणि कपडे न बदलता पोहोचले होते, आणि त्यांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेचा त्रास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांनाही झाला.

तुकडीचे खरे मोल आहे ते नेमका पदार्थ ओळखण्यात. ती आपल्यासोबत फिरती प्रयोगशाळा आणते, नमुने तपासते आणि दूरच्या तज्ज्ञांशी थेट संपर्क साधते. पदार्थ कळला की कोणता उतारा द्यायचा, किती परिसर रिकामा करायचा आणि लोकांना घरी केव्हा परतू द्यायचे, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. 2001 साली टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले आणि 5 जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर ठिकठिकाणी सापडलेल्या संशयास्पद पांढऱ्या पावडरी तपासण्याचे काम या तुकड्यांकडे आले. ती पावडर निरुपद्रवी आहे, हे खात्रीने सांगता येणे हीसुद्धा मोठी सेवाच आहे.

घटनास्थळाचा ताबा मात्र सैनिकांकडे जात नाही. प्रमुख असतो तो स्थानिक नागरी अधिकारी. तुकडी त्याला सल्ला आणि साहाय्य देते, आणि माझ्या मते हेच योग्य आहे, कारण तो परिसर आणि तेथील माणसे त्यालाच ठाऊक असतात.

प्रश्न : मदत येईपर्यंत सामान्य माणसाने काय करावे?

उत्तर : विषारी वायू असेल तर वाऱ्याच्या उलट दिशेने आणि शक्य तितक्या उंच जागी जावे, कारण सारिनसारखे वायू हवेपेक्षा जड असल्याने सखल भागात साचतात. वरचे कपडे ताबडतोब काढावेत. डोक्यावरून ओढून काढण्याऐवजी ते कापून काढणे अधिक सुरक्षित असते. एवढ्यानेच अंगावरचे बरेचसे विष दूर होते. त्यानंतर साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवावे. किरणोत्सारी धूळ पसरली असेल तर बाहेर पळत सुटू नये. जवळच्या पक्क्या इमारतीत शिरून, दारे-खिडक्या लावून, बाहेरच्या भिंतींपासून आणि छतापासून दूर, आतल्या खोलीत थांबावे आणि अधिकृत सूचना मिळेपर्यंत बाहेर पडू नये.