चिपचं कार्ड नंतर घ्या, आधी दुरुस्तीची खिडकी उघडा

तुम्ही विचारलंय की, विकसनशील देशाला आपली राष्ट्रीय ओळखपत्र व्यवस्था सुधारायची असेल तर पैसा आधी कशावर घालावा: चिपचं कार्ड, चेहरा ओळखणारं तंत्र की आणखी काही? मी म्हणेन, नोंदीतली चूक दुरुस्त करण्यावर. नावनोंदणीच्या कामात काही वर्षं काढली आहेत, म्हणून हे मत बरंचसं तिथल्या रांगेतून आलंय असं समजा.

नोंदणीला आलेल्या कित्येकांना जन्मतारीख ठाऊकच नसते. मग समोरचा माणूस चेहरा बघून अंदाजे वर्ष टाकतो आणि तारीख १ जानेवारी. (यादी चाळली की वाटतं, अर्ध्या देशाचा वाढदिवस एकाच दिवशी.) त्या दिवशी कुणाचंच काही बिघडत नाही. बिघडतं पुढे, वयावर हक्क ठरतो तेव्हा. युगांडात कार्डावरचं वय चुकल्यामुळे म्हाताऱ्या माणसांचं ज्येष्ठांसाठीचं अनुदान अडलं. दुरुस्तीला गेलं की पुरावा मागतात. आणि पुरावा नव्हता म्हणूनच तर अंदाज लावला होता! म्हणून दुरुस्ती घराजवळ, फुकट आणि ठरलेल्या मुदतीत व्हायला हवी. कागद नसेल तर ओळखीच्या जबाबदार माणसाची साक्ष चालावी. अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळावं आणि त्यावर अपील करता यावं.

बोटांच्या ठशांबद्दल लोकांची एक गल्लत होते. एकाच माणसाची दोनदा नोंद होऊ नये म्हणून सगळ्या नोंदींशी ठसे ताडून पाहणं वेगळं, आणि दर वेळी धान्य किंवा पेन्शन घेताना अंगठा लावायला सांगणं वेगळं. पहिलं काम एकदाच होतं. दुसरं आयुष्यभर, आणि मातीत, विटांवर, साबणाच्या पाण्यात राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. ठसा जुळला नाही तर माणूस रिकाम्या हाती परततो, आणि यंत्राच्या हिशेबी तो ‘आलाच नाही’. बुबुळ, मोबाइलवरचा कोड, डिजिटल सही असलेला क्यूआर कोड असे पर्याय हवेतच. तेही चाललं नाही तर अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने हक्काची वस्तू द्यावी आणि तशी नोंद ठेवावी.

खरी पायाभरणी मात्र जन्म-मृत्यू नोंदणीची. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांची जन्मनोंदच नाही. बाळंतपण झालं तिथेच नोंद झाली, तर वय अंदाजाने लिहायची पाळी येत नाही. मृत्यूची नोंद झाली नाही, तर यादीत मेलेली माणसं वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि त्यांच्या नावावर दुसरंच कुणी उचल करतं.

कायदा आधी, यंत्रणा मागून. केनियात ‘हुदुमा नंबा’ या राष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी २०१९ मध्ये कोट्यवधी लोकांची माहिती गोळा झाली, २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने कार्डवाटप बेकायदा ठरवलं, कारण खासगीपणाला काय धोका आहे याची तपासणी आधी केलीच नव्हती.

आणि चिपच्या कार्डाचं म्हणाल तर एस्टोनियासारख्या डिजिटल ओळखपत्रांत मुरलेल्या देशातही २०१७ मध्ये चिपमध्ये दोष सापडला आणि साडेसात लाखांहून जास्त कार्डांवर परिणाम झाला. कार्डातली डिजिटल प्रमाणपत्रं (ज्यांवरून ऑनलाइन ओळख पटते) दूरवरून बदलायची सोय होती म्हणून निभावलं. ती सोय तुमच्याकडे नसेल तर साधं छापील कार्ड आणि त्यावर क्यूआर कोड, एवढं सध्या पुरे.